अंतऱ्याला गडहिंग्लज लागतं

साऱ्या जगात जितके म्हणून गायक झाले असतील, त्यांत चार गाद्या चारी बाजूंना उभ्या करून, पाचवी डोक्यावर घेऊन गाणारी माझ्या बायकोची भाची ही एकटीच असावी. आणि अशा गायिकेच्या पहिल्या नाव झालेल्या गाण्यात मुखडा संपल्या संपल्या स्वच्छ घोरणारा इसम म्हणून मीही एकटाच. ते गाणं आजही फोनवर ऐकता येतं. मुखड्यानंतर गिटार जरा थांबते आणि त्या मोकळ्या जागेत जो जड, ओढलेला, शेवटी हलकेच शीळ घालणारा आवाज येतो, तो मी. काही जाणकारांनी तो सारंगीसारखा वाटतो असं लिहिलं होतं. बायकोनं ते वाचलं आणि म्हणाली, "एक रात्र आमच्यात राहायला या म्हणावं."

भाची म्हणजे माझ्या मेहुण्याची एकुलती एक मुलगी. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात, म्हणून मी मामा. मेहुण्याचं कोल्हापुरात शिवाजी पेठेत गाद्यांचं दुकान आहे. पुढं गाद्या-उशा, मागं कापूस पिंजायचं मशीन, आणि सगळ्यात मागं तयार गाद्या रचून ठेवायची खोली. या खोलीत पोरीनं लहानपणीच एक शोध लावला होता, की इथं कितीही ओरडलं तरी बाहेर ऐकू जात नाही. इतर मुलं असल्या शोधाचा उपयोग रडायला करतात, हिनं गायला केला. मोठी झाल्यावर तिनं तिथंच माईक लावला, लॅपटॉप मांडला, गाद्या उभ्या केल्या आणि त्याला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली. आत शिरलेली पोरगी तासाभरानं बाहेर यायची ती लालबुंद, घामानं निथळत आणि केसांत कापूस घेऊन. अंड्यातून नुकतंच पिल्लू बाहेर आल्यासारखी दिसायची.

अडचण होती ती मशीनची. ते सुरू असलं की आख्खी गल्ली थरथरते, तिथं गाण्याची काय कथा. तेव्हा मेहुण्यानं कुणीही न सांगता एक नियम केला, दुपारी तीन ते चार मशीन बंद. एवढंच नव्हे, त्या तासात तो स्वतः दुकानाच्या पायरीवर बसायचा आणि आलेल्या गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून म्हणायचा, "पावणं, जरा दम धरा." गिऱ्हाइकाला वाटायचं आत कुणीतरी आजारी आहे. पेठेत फुटबॉलची मॅच जिंकल्यावर मिरवणूक निघाली, तर तिलाही त्यानं हात आडवा केला होता. मिरवणूक थांबली नाही ही गोष्ट वेगळी. पण गंमत अशी, की हा माणूस पोरीचं गाणं ऐकायला कधी आत गेला नाही. "मला काय कळतंय त्यातलं?" म्हणायचा. शिवाय तो आत गेला तर पायरीवर कोण बसणार?

गाणं गादीत गायलं जायचं, पण तयार व्हायचं एसटीत. तिला घरात ओळ सुचत नाही, बागेत सुचत नाही, रंकाळ्यावर तर अजिबात नाही, कारण तिथं सगळेच ओळखीचे भेटतात आणि लग्नाचं काय ठरलं ते विचारतात. ती सरळ स्टँडवर जाते, खिडकीची जागा धरते आणि इंजिनाच्या घरघरीत आपला सूर मिसळून गुणगुणत बसते. मी एकदा म्हटलं, "अगं, मग जयसिंगपूरला जात जा की. जवळ पडतं."

"न्हाई जमत मामा," ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "जयसिंगपूर लगीच येतंय. मुखडाच हुतोय नुसता. अंतऱ्याला गडहिंग्लज लागतं."

मी विम्याचं काम करतो. या धंद्यात दुपारी तुम्ही कुठं होता हे बायको सोडून कुणी विचारत नाही. एकदा मी तिच्यासोबत गडहिंग्लजला गेलो. जाताना तिनं तीन शब्द लिहिले, उतरून चहा प्यालो, त्याच गाडीनं परत फिरलो, येताना तिनं त्यातले दोन खोडले. मला वाटलं फेरी फुकट गेली. कागलच्या अलीकडं कंडक्टर जवळ आला आणि आपुलकीनं म्हणाला, "काय ताई, झालं न्हाई आज?" ती म्हणाली, "एक शब्द घावला की." तो म्हणाला, "मग झालं तर." मला तिकिटाबद्दल एवढी आस्था असलेला कंडक्टर माहीत होता, शब्दाबद्दल असलेला पहिलाच.

या प्रकाराला इंडी पॉप म्हणतात. म्हणजे पाठीशी पिक्चर नाही, कंपनी नाही, स्वतःच लिहायचं, स्वतःच चाल लावायची, स्वतःच गायचं आणि मग स्वतःच सगळ्यांना ऐका हो म्हणून सांगत फिरायचं. हे मी मेहुण्याला समजावून सांगितलं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "म्हंजे दुकान सोताचं, फकस्त गिऱ्हाईक न्हाई."

तसं अगदीच नव्हतं. तिचा पहिला कार्यक्रम राजारामपुरीतल्या एका कॉफीच्या दुकानात झाला. अकरा माणसं होती, पैकी सात आम्ही. दर कडव्याला कॉफीचं मशीन फुस्स करायचं. दुसऱ्या गाण्यानंतर एक गृहस्थ म्हणाले, "बाळ, एखादं ओळखीचं म्हण की." ही शांतपणे म्हणाली, "ओळख व्हायला एकदा तरी ऐकायला लागतंय की काका." गृहस्थ ओशाळले आणि शेवटपर्यंत बसले. पुढच्या कार्यक्रमाला ते बायकोला घेऊन आले. तिची कीर्ती ही अशी, एकेक माणूस गोळा करत वाढत होती. या वेगानं ती पुण्यापर्यंत पोचायला तीन पिढ्या लागल्या असत्या.

आणि मेहुण्यानं मुदत दिली होती दिवाळीची. "दिवाळीपातुर काय करायचं ते कर. मग गल्ल्यावर बस, न्हाईतर स्थळं बघू." हे तो रागानं बोलला नव्हता, म्हणून जास्त अवघड होतं. पोरीनं वाद घातला नाही. फक्त तिच्या गडहिंग्लजच्या फेऱ्या वाढल्या.

त्याच सुमारास पुण्यात नव्या मुलामुलींच्या स्वतःच्या गाण्यांचा एक मोठा कार्यक्रम ठरला. एक गाणं पाठवायचं, त्यातून निवड. हिचं गाणं गाडीत पुरं झालं तेव्हा पाठवायला एकच दिवस उरला होता, आणि दिवस कुठला, तर नवरात्राच्या तोंडावरचा. त्या आठवड्यात कोल्हापूरचं प्रत्येक घर अंथरूण-पांघरूण धुवायला काढतं आणि गाद्या पिंजायला देतं. दुकानासमोर गाद्यांची रांग लागली होती. तरी तीन वाजता मशीन बंद झालं आणि मेहुणा पायरीवर जाऊन बसला.

माझ्याकडं काम एकच, मागची गादी पडू नये म्हणून तिला पाठ लावून बसायचं. हे मी रोज करायचो आणि रोज मला डुलकी लागायची, पण बिनआवाजाची. त्या दिवशी मी एका पॉलिसीवाल्याकडचं बारशाचं जेवण जेवून आलो होतो. मुखडा मी ऐकला:

दार नुसतं लोटलंय, कडी नाही घातली,
बाहेर तू बसलायस, म्हणून मी आत गाते.

पुढचं मला माहीत नाही. जागा झालो तेव्हा मशीन सुरू झालं होतं, आणि पोरगी कानाला हेडफोन लावून माझ्याकडं बघत होती. रडेल असं वाटलं. मी हात जोडले. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. "मामा," ती म्हणाली, "सुरात हाय ओ." पुन्हा गायला तास नव्हता. तिनं ते गाणं तसंच पाठवलं, खाली लिहून, की मागं माझे मामा झोपलेत, माफ करा.

इकडं मेहुण्याच्या डोक्यात वेगळंच शिरलं. पोरगी येता-जाता तो मुखडा गुणगुणायची, तेवढा त्याच्या कानावर पडला होता. त्यानं मला बाजूला घेतलं. "दाजी, दाराबाहेर बसणारा हा कोण हाय, जरा बघा. घर चांगलं असलं तर माझं काय म्हणणं न्हाई." मी चार दिवस पेठेत बारीक चौकशी केली. दुकानाबाहेर संशयास्पद रीतीनं बसणारा एकही तरुण आढळला नाही. तसं मी पायरीवर त्याच्या शेजारी बसूनच त्याला सांगितलं.

पुण्याहून उत्तर आलं: निवड झाली आहे, मामांनाही घेऊन या. आम्ही चौघं गेलो. मेहुण्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता, पण भुवईत कापसाचा एक धागा राहिलाच होता. पोरगी स्टेजवर आली, म्हणाली, "या गाण्यात घोरणारे मामा आज पहिल्या रांगेत बसलेत, आणि जागे आहेत." सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या, मी उठून नमस्कारसुद्धा केला. आयुष्यात मला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या. मग मुखडा झाला. मेहुण्यानं मान वळवून मागं कोण कोण तरुण बसलेत ते पाहून घेतलं. आणि जो अंतरा मी कधी जागेपणी ऐकला नव्हता, तो सुरू झाला:

भुवईवर कापूस, ओठांवर बोट,
येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतोस, जरा दम धर.

मेहुण्याची मान जिथं होती तिथंच राहिली. मग त्याचा हात सावकाश भुवईकडं गेला, धागा सापडला, आणि तो त्यानं टाकला नाही, मुठीत धरून ठेवला. बायको माझ्या शेजारी डोळ्यांना पदर लावून बसली होती. बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला, "बापाला अरेतुरे करतीया. एवढ्या माणसांत." आणि चष्मा पुसायला लागला. चष्मा पुसून झाला तरी पुसतच होता.

दिवाळी आली, गेली. गल्ल्याचा विषय कुणी काढला नाही. पोरगी आता पुण्यात दोन मैत्रिणींबरोबर राहते. महिन्यातून चार-पाच कार्यक्रम होतात, आणि ऐकणाऱ्यांत नातेवाईक नसतात. आत्याला फोन करते तेव्हा सांगते, की इथला स्टुडिओ एकदम गार आहे, घामच येत नाही, आणि दाराबाहेर कुणी नसतं, त्यामुळं सुरुवातीला आवाजच लागत नव्हता. गडहिंग्लजच्या गाडीचा कंडक्टर मला भेटला की विचारतो, "ताईंचं नवीन काय?"

आणि दुकानात अजूनही दुपारी तीन वाजता मशीन बंद होतं. गिऱ्हाइकानं विचारलं, की मेहुणा सांगतो मशीन तापतंय. पायरीवर तो बसतो, मागच्या खोलीत मी जाऊन आडवा होतो. परवा मात्र मी घरीच राहिलो. म्हटलं, आता तिथं धरायला गादी नाही, गाणारी नाही, माझं काय काम? बायको गहू निवडत होती. तिनं घड्याळाकडं पाहिलं, ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "तीन वाजलं. दादा एकटाच बसला असंल पायरीवर. जावा, आत पडा जरा. आणि दार उघडं ठेवून घोरा खुशाल. आत कुणीतरी हाय, एवढं तरी त्याला ऐकू जाऊ दे."