व्हर्नाचा नवरा नट होता

हार्लन प्रूइटचा चेहरा निम्म्या अमेरिकेच्या ओळखीचा होता, नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. शंभरावर चित्रपटांत तो दिसला. कधी गावचा डॉक्टर, कधी बँकेतला कारकून, कधी न्यायाधीश. नायिकेच्या बापाची नाडी बघायची, मान हलवायची आणि निघून जायचं, एवढंच काम. ते तो इतक्या मनापासून करायचा की दिग्दर्शक दर वेळी म्हणत, "प्रूइटला बोलवा, तो कटकट करत नाही."

त्याचं पाठांतर घ्यायची त्याची बायको व्हर्ना. मूलबाळ नव्हतं. स्टुडिओंजवळच्या ग्लेंडेल गावातल्या घरात रोज सकाळी न्याहारीच्या टेबलाशी ती कागद घेऊन बसायची. नायक तीच, नायिका तीच, शेरीफही तीच.

"शेरीफचा आवाज एवढा नाजूक?" हार्लन विचारायचा.

"त्याला सर्दी झालीय. तू आपलं बोल."

एकोणीसशे पन्नास साली कॅन्ससहून, सलायना गावातून, हार्लनच्या धाकट्या भावाचं, एव्हरेटचं पत्र आलं. हार्डवेअरचं दुकान एकट्याला उरकत नाही, तू ये, अर्धी भागी तुझी. हार्लनने पत्र दोनदा वाचलं. त्याचे डोळे चमकले.

"जाऊ या का गं? मला आता कंटाळा आलाय दुसऱ्यांच्या बापाची नाडी बघून."

"आणि तिथे जाऊन काय, बिजागऱ्या विकणार? सोळा वर्षं तोंडाला रंग फासलास तो यासाठी? एक मोठं काम मिळू दे, लोकांना तुझं नाव कळू दे. मग जाऊ."

हार्लन वाद घालणारा माणूस नव्हता. त्याने भावाला नकार कळवला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

पंचावन्न साली व्हर्नाच्या लक्षात आलं, की एका पानाच्या संवादाला आता तीन सकाळी लागतात. मग तो गाडी बाजारात विसरून पायी घरी आला. याबद्दल ती कुणाशी बोलली नाही, त्याच्याशीसुद्धा नाही. शर्टाच्या बाहीच्या टोकावर ती बारीक अक्षरांत शब्द लिहून द्यायची. डॉक्टरचं काम असलं तर संवादाचा कागद डॉक्टरच्या पेटीतच ठेवायची. कुणाला कळलं नाही.

आणि नेमकं त्याच सुमारास ते मोठं काम आलं. टेलिव्हिजनवर तासाभराचं नाटक, थेट प्रक्षेपण. शाळेतून काढून टाकलेल्या म्हाताऱ्या मास्तराची भूमिका, मुख्य. एजंट लिंडक्विस्टने स्वतः घरी येऊन कागद दिले. तो गेल्यावर हार्लनने कागद तिच्यापुढे सरकवले.

"व्हर्ना, हे मला झेपायचं नाही."

"झेपेल. मी आहे ना."

"तू कॅमेऱ्याच्या मागे असशील. मी पुढे."

"मागे का होईना, असेन ना."

तीन आठवडे ती पाठांतरासाठी त्याच्या मागे लागली. प्रयोगाच्या दिवशी कागद छातीशी धरून ती कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहिली. दोन अंक सुरळीत पार पडले. तिसऱ्यात मास्तर वर्गाचा निरोप घेतो. हार्लन फळ्यापाशी गेला, वळला, तोंड उघडलं आणि थांबला. व्हर्ना नुसते ओठ हलवून शब्द सांगत होती, पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. विद्यार्थिनीचं काम करणारी लोरेन हुशार. ती उठून म्हणाली, "सर, तुम्ही काहीतरी सांगत होतात."

त्याने तिच्याकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "पोरी, मला घरी जायचंय."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्या एका वाक्याचं तोंडभरून कौतुक केलं. बावीस वर्षांत प्रथमच हार्लन प्रूइट हे नाव छापून आलं. व्हर्नाने ते वाचलं आणि वर्तमानपत्र एका पत्र्याच्या डब्यात तळाशी दडवून ठेवलं.

लिंडक्विस्ट म्हणाला, "प्रेक्षकांना वाटलं अभिनय. सेटवरच्यांना कळायचं ते कळलंय, व्हर्ना. माझ्याने आता होणार नाही."

"न बोलायचं काम तरी द्या. तो नुसता बसेल."

त्याने शब्द टाकला. खटल्याच्या एका चित्रपटात हार्लनला ज्यूरीतल्या बारा जणांत बसवलं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी ऐन चित्रीकरणात तो उठला आणि खणखणीत आवाजात आरोपीला फाशी सुनावली. कुठल्या तरी जुन्या चित्रपटातलं न्यायाधीशाचं भाषण, एक शब्द न चुकता. सगळे हसले. कौतुक होतंय असं वाटून तोही हसला. व्हर्नाने येऊन त्याचा हात धरला. त्यानंतर त्याने काम केलं नाही.

न्याहारीच्या टेबलाशी मात्र तो रोज बसायचा. अठ्ठावन्न साली एकदा त्याने तिला अदबीने विचारलं, "बाई, तुमचे यजमान काय करतात?"

व्हर्नाने हातातला कप खाली ठेवला. "नट आहेत."

"कठीण धंदा."

"त्यांना गावी जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही."

"का हो?"

"वाटलं, लोकांनी त्यांना नावाने ओळखावं."

हार्लनने थोडा विचार केला. "त्यांना तसं हवं होतं?"

 त्याच आठवड्यात तिने घर विकायला काढलं आणि एव्हरेटला पत्रात सगळं खरं लिहिलं.

सलायनाच्या स्टेशनवर एव्हरेट आला होता. भावाकडे बघून त्याने टोपी काढली, आणि मग व्हर्नाला म्हणाला, "आठ वर्षं उशीर केलास, वहिनी."

"हो," ती म्हणाली.

हार्लन दोन हिवाळे जगला. दुकानाच्या मागच्या खोलीत शेगडीपाशी बसून तो स्क्रू निवडायचा, लांब वेगळे, आखूड वेगळे, आणि कुणाशी न बोलता खुशीत असायचा. दुसऱ्या फेब्रुवारीत तो न्यूमोनियाने गेला. जमीन एवढी गोठली होती की खड्डा खणायला माणसांना दोन दिवस लागले.

व्हर्नाला जायला दुसरं ठिकाण नव्हतं. ती दुकानातच गल्ल्यापाशी उभी राहू लागली. कुणी गिऱ्हाइकाने विचारलं, नवरा काय करायचा, तर ती सांगायची, "याच दुकानात होता."

एव्हरेट ते ऐकायचा, पण त्याने ते कधी खोडून काढलं नाही.