शिवेपल्याडच्या कोंबड्या

मला आन कोंबड्यांला आमची शेजारीण एकाच सुरात हाकलती, "हुश्श दाजी, हुश्श!"

लातूर जिल्हा नवा झाला, तरी पाणी टँकरचंच. यंदाच्या दुष्काळात कोंबड्यांत पटकी शिरली; तुरे निळे पडून पटापटा मराय लागल्या. गावानं ठरवलं, बिमार कोंबडी शिवेपल्याड सोडायची, मंजी रोग तिच्यासंगं जातो. शेजारणीची शेवटची कोंबडी आणायला मला धाडलं. गावात रिकामा मीच.

कोंबडीच्या चोचीत थेंब थेंब पाणी सोडत शेजारीण म्हणली, "न्हाई देत. पल्याडच्या कोंबड्या काय दगडाच्या हायत?" आन माझ्या हातात कुदळ दिली. "खांदा खड्डा. मेली तर हितंच पुरीन. जगली तर तुमच्या उरावर नाचवीन!"

कोंबडी जगली. खड्ड्यात काल मीच पडलो.