विटलेलं डाळिंब

"नवा मॉनिटर रंग मोजायचं यंत्र लावून जुळवलाय, रंग चुकणार नाही. तुझी आठवणच विटलीय," असं मी बायकोला ठणकावलं. आमच्या लग्नाच्या फोटोत तिच्या आईनं नेसलेली डाळिंबी पैठणी पडद्यावर विटकरी दिसत होती. आता पैठणी नाही, आईही नाहीत; उरलाय तो हा फोटो.

दोन दिवसांनी कळलं, फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये मी जुन्याच मॉनिटरच्या रंगांचं प्रोफाइल ठेवलं होतं. ते बदललं आणि पडद्यावर डाळिंब उललं. पडदा जुळवायला यंत्र मिळतं; बघणाऱ्याला कशानं जुळवायचं?

तिला बोलावलं. बराच वेळ बघून ती म्हणाली, "आई म्हणायचीच, जावई चांगले आहेत, फक्त ऐकू दोन दिवसांनी येतं."