बोरन्हाणाची अट

आमची आई, शरदिनी, इथे उत्तरेत आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या सगळ्या मराठी घरांतल्या पोरांची बोरन्हाणं करते. संक्रांतीला लहानगी काळी झबली घालून आमच्या चौकात बसतात आणि आई त्यांच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, रेवड्या ओतते. हलव्याचे दागिनेही तीच करते. त्यात कुणी लुडबुड केलेली तिला खपत नाही. मला, तिच्या लेकीलासुद्धा, हात लावू देत नाही.

यंदा शेजारच्या मोहल्ल्यात गोवर आला. आईने फर्मान काढलं: लस घेण्याच्या वयाचं जे पोर गोवराची लस, इथल्या बोलीत खसऱ्याचा टीका, घेतल्याशिवाय येईल, ते बोरन्हाणाला बसणार नाही. पंचाईत अशी, की असं पोर आमच्याच घरात होतं. माझा भाचा, देवव्रतदादाचा निनाद, अकरा महिन्यांचा. पहिल्या लशीनंतर त्याला रात्रभर ताप आला आणि दादाने पुढच्या सगळ्या लशी बंद केल्या. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून तो यातला मोठा पंडित झाला होता. आईने परोपरीने समजावलं, पण दादा कसला ऐकतो!

संक्रांतीला तो निनादला सजवून खाली घेऊन आला. आई दारात आडवी उभी राहिली.

"आई, हा तुझा नातू आहे!"

"माहीत आहे. आत शेजारच्या गीताची पाच महिन्यांची पोरगी आहे. तिला खसऱ्याचा टीका अजून देता येत नाही. तिला काही झालं तर गीताला कोणतं तोंड दाखवू? बिलकुल नाही, देवू."

बायका कुजबुजायला लागल्या. दादा लालबुंद होऊन वर निघून गेला. आईने बाकीच्यांचं बोरन्हाण केलं. नातवापुरती सूट दिली असती तर कुणी चकार शब्द काढला नसता. मला तिचा असा अभिमान वाटला, की कुजबुजणाऱ्या बायकांना ओरडून सांगावंसं वाटलं, ही माझी आई आहे!

संध्याकाळी ऋतावहिनी निनादला घेऊन खाली आली. "आई, बुधवारी मी याला टीका लावून आणणार. यांना यायचं तर येऊ देत."

बुधवारी दादाही बरोबर गेला. तोंड फुगवून गेला, पण सुई टोचताना पोराला त्यानेच धरलं. घरी येऊन त्याने निनादला आईच्या मांडीवर ठेवलं.

"झालं तुझ्या मनासारखं?"

"रथसप्तमीला याचं बोरन्हाण करू. पण घरच्या घरी. टीका लागू पडायला दोन-तीन हफ्ते लागतात. तोवर गीताच्या पोरीजवळ न्यायचं नाही."

दादाला हसूच फुटलं. "तू नाही सुधरणार!"

"नाहीच सुधरणार," आई म्हणाली, आणि निनादला छातीशी धरून हमसून हमसून रडायला लागली.