भरती पावसाळ्यात, ओहोटी आठ महिने

विषय : म्हसवडजवळच्या तलावाशेजारी मत्स्यबीज केंद्र मिळणेबाबत.
संदर्भ : डॉ. रेवणसिद्ध अंकलगी यांचा अर्ज, दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा.

वरील विषयास अनुसरून सादर करतो की, मी साताऱ्याच्या मत्स्य कार्यालयात कारकून होतो आणि गेल्या मार्चात निवृत्त झालो. फायली कधी ना कधी रेकॉर्ड रूममध्ये जातात. किस्से जात नाहीत. ते आधी टेबलावर, मग चहाच्या टपरीवर आणि आता माझ्या ओसरीवर साठत चालले आहेत. त्यांतले निम्मे एकट्या आमच्या साहेबांचे.

साहेब म्हणजे वरचे डॉ. अंकलगी. सांगलीचे लिंगायत, गोड्या पाण्यातल्या माशांचे संशोधक, पुढे आमदार, त्याहीपुढे मंत्री. आणि जन्मात मासा तोंडात न घातलेले!

* * *

तलावाकाठच्या भोईवाडीचा कारभार गजराबाई नावाच्या म्हातारीच्या हातात. तिनं साहेबांना पहिल्याच भेटीत विचारलं, "आवं सायेब, खाल्ल्याबिगर मासा कसा हाय ते कळतंय कसं तुमास्नी?"

"मावशी, मी त्यांची बाळंतपणं करतो. जेवणं तुम्ही करा."

म्हातारी खूष झाली. "मग हितंच करा की बाळंतपणं! पिल्लं कलकत्त्यासनं येत्यात, निम्मी वाटंतच मरत्यात. आमी जाळं टाकायचं कशावर?"

साहेबांनी शब्द दिला, "पिल्लं इथंच जन्मतील." ऑफिसात परतल्यावर पहिलं काम, म्हणजे संदर्भातला अर्ज.

* * *

तोवर पिल्लं रेल्वेनंच येत. एकदा साहेबांनी आणि मी लोणंद स्टेशनवर पिल्लांचे डबे उतरवून घेतले आणि ऑफिसची जीप बंद पडली. साहेब म्हणाले, "एस.टी.नं नेऊ."

कंडक्टर आडवा. "जिवंत जनावर गाडीत चालत न्हाई."

"मेलेलं चालेल? मग अर्धा तास थांबा, मरतील सगळी."

कंडक्टर वरमला. पाण्याला हवा मिळावी म्हणून ते हातानं सारखं थापटावं लागतं. फलटण येईतो आम्हा दोघांचे हात गळाले. मग शेजारच्या बाईनं हात घातला, मागच्या पैलवानानं घातला, पाळ्याच लागल्या. पुढं दोन थांबे तसेच मागं पडले, कारण घंटी मारायला कुणी नव्हतं. कंडक्टर कोपरापर्यंत डब्यात! ज्यांना उतरायचं होतं त्यांनीही तक्रार केली नाही. ते पण थापटत होते.

* * *

दुष्काळात तलाव आटला. ज्यांच्यापासून पुढं पिल्लं घ्यायची ते मोठे मासे तरी वाचावेत म्हणून सुभेदार माने यांनी आपली विहीर दिली. फौजेतून निवृत्त माणूस. अट एकच, "रोज फॉलिन घेणार." सकाळी कणकेचे गोळे टाकून ते माशांची हजेरी घेत.

एके दिवशी ऑफिसात चिठ्ठी आली : "एक जवान गैरहजर. शोध चालू." दुसऱ्या दिवशी दुसरी : "जवान शेजाऱ्याच्या कालवणात सापडला. कारवाई केली."

काय कारवाई, ते आम्ही विचारलं नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कणीक शेजारी मळत होता!

* * *

अर्जाचं काय झालं, तर छापील नमुना कोकणासाठी केलेला. बंदराचे नाव, होड्यांची संख्या, भरती-ओहोटीच्या वेळा. रकाना कोरा राहिला की अर्ज परत येतो, एवढं मला नोकरीनं शिकवलं होतं. मी भरून टाकलं, "भरती : पावसाळ्यात. ओहोटी : उरलेले आठ महिने."

सहा महिन्यांनी वरून विचारणा आली : "ओहोटी आठ महिने टिकण्याची कारणे सविस्तर कळवावीत."

आता आपली धडगत नाही असं मला वाटलं. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला. "कुलकर्णी, ही कारणं कागदावर मावायची नाहीत. मलाच वर जायला हवं."

आणि मला राजीनामा टाईप करायला सांगितला!

* * *

निवडणुकीत विरोधी उमेदवार म्हसवडच्या बाजारात गरजला, "मासे मोजणारा ह्यो गडी! त्याला राजकारणातलं काय कळतंय?"

साहेब उठले. "खरं आहे. मला एकच गोष्ट कळते. जीव जगवायचा तर पाणी थापटत राहावं लागतं. हात थांबला की संपलं."

गर्दीतून खाकी बाही वर झाली. "लय थापाटलंय मी! मत सायबालाच!"

तोच कंडक्टर.

* * *

साहेब मंत्री झाले, खातं आमचंच मिळालं. फाईल घेऊन मीच मुंबईला गेलो. छाती इतकी फुगली होती की कोटाचं बटण लागेना.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "अर्जदार कोण?"

"आपणच, साहेब."

"मंजूर कोण करणार?"

"आपणच, साहेब!"

त्यांनी टोपण लावलं. "मग हे नियमात बसत नाही. दुसऱ्या मंत्र्यांकडे पाठवा."

दुसऱ्या मंत्र्यांनी शेरा मारला, "विषय माशांचा आहे. संबंधित खात्याच्या मंत्र्यांचे मत घ्यावे." फाईल परत साहेबांच्या टेबलावर.

हे सांगायला मी भोईवाडीत गेलो. गजराबाईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी सायबानं सवताच्याच कागदावर सही केली न्हाई?"

"नाही."

ती बायकांकडं वळली. "माणूस बराबर निवडला की गं आपण!" मग पदर खोचला. "कुदळी काढा."

सुभेदारांनी विहिरीशेजारचा तुकडा दिला. वाडीनं टाक्या खणल्या. पाऊस लागला तसे मंत्री रविवारी आले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले आणि त्यांनी बाळंतपणं केली. यंदा लोणंदला डबे आणायला कुणी गेलं नाही.

ओहोटीच्या कारणांबाबत वरून स्मरणपत्र आलं आहे. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.