तिसरा उंचवटा

आमच्या मॅडम खुर्चीवर बसलेल्या मी चार वर्षांत पाहिल्या नाहीत. चहा उभ्याने, वाद उभ्याने, माझ्या प्रबंधाची प्रकरणं तपासायची तीही येरझाऱ्या घालत. आम्ही विद्यार्थी त्यांना चुळबुळ मॅडम म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझी खात्री आहे, आवडतही होतं.

त्यांचा विषयही तसलाच. अणूंवर एकदम जोरदार लेझर सोडला की ते शहाण्यासारखे एकसारखे चमकत नाहीत. चमक वाढते, घटते, पुन्हा वाढते. सेकंदाच्या काही अब्जांश भागांत हा तमाशा आटोपतो आणि अणू स्थिरावतात. आलेखात त्या वाढीचे उंचवटे दिसतात. "स्थिरावल्यावर काय बघायचंय? सगळे सारखेच," मॅडम म्हणायच्या.

प्रयोगशाळा कासार आंबोलीत, आणि शेजारीच लग्नाचं लॉन्स. डीजे सुरू झाला की आमचे आरसे थरथरायचे, लेझर भरकटायचा. म्हणून भिंतीवर पंचांग टांगलेलं. ज्या दिवशी लग्नाचा मुहूर्त नाही, त्या दिवशी आमचं मोजमाप. देवधर्म न मानणारी ही बाई पंचांग भटजीपेक्षा बारकाईने वाचायची. पितृपक्ष आला की त्यांना कोण उत्साह!

त्यांचा एक नियम मात्र मला छळायचा. एका झोतात प्रकाशाचे जेमतेम एक-दोन कण हाती लागतात. लाखो झोत सोडावे तेव्हा तासातासाने ठिपके साठून आलेख उभा राहतो. तो पुरा होईपर्यंत कुणी बघायचा नाही. मॅडम स्वतःची ओढणी स्क्रीनवर टाकायच्या. "अर्धा बघितला की माणूस सोयीच्या जागी थांबतो," असं त्यांचं म्हणणं.

मग तो रविवार आला. लेझर दुसऱ्या संस्थेचा, सोमवारी परत जाणार. आमच्या गणिताप्रमाणे आलेखात तीन उंचवटे यायला हवे होते. ते आले नाहीत तर माझ्या प्रबंधात दम उरत नव्हता. आणि नेमकी शेजारी हळद. मॅडम मला घेऊन लॉन्सच्या मालकांकडे, तात्यांकडे गेल्या.

"तात्या, दुपारी दोनपर्यंत आवाज नको."

"बाई, लोकांची हळद हाय. तुमचं येवढं काय अडलंय?"

मॅडमनी मांडवात फिरत फिरत त्यांना सगळा प्रयोग समजावला.

"म्हंजी नव्या नवरीगत," तात्या म्हणाले. "आदी लई धडधड, मग संसार."

"आम्हाला फक्त धडधड बघायचीय."

"मग बगा की. दोनपातुर आमी गप."

तात्यांनी शब्द पाळला. मॅडम बाहेर रस्त्यावर फेऱ्या मारत होत्या. बारा वाजता मला राहवेना. मी ओढणी उचलली. तीन उंचवटे, स्पष्ट! मी तेवढा आलेख पेन ड्राइव्हवर घेतला आणि ओढणी पुन्हा टाकली.

दोन वाजता ओढणी निघाली तेव्हा उंचवटे दोनच होते.

"मॅडम, बाराला तीन होते!" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

मला वाटलं, आता खैर नाही. त्यांनी फक्त विचारलं, "घेऊन ठेवलास?"

"हो."

"जास्त मोजल्यावर तो विरला, म्हणजे तो नव्हताच. पण पुसायला सांगणार नाही मी. प्रबंधावर नाव तुझं आहे." बाहेर डीजे सुरू झाला आणि त्या लेझर बंद करायला गेल्या.

मला भयंकर राग आला. त्यांनी ओरडायचं होतं, हुकूम द्यायचा होता! दोन्ही आलेख पुढ्यात घेऊन मी महिनोन्महिने कुढत बसले आणि त्यांना एक फोन केला नाही. त्या हिवाळ्यात मॅडम आठवड्याभराच्या आजारात गेल्या. जायचीही घाईच.

प्रबंधात मी दोन लिहिले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "तिसरा कुठे?" मी म्हणाले, "दिसला नाही." त्यांनी तोंड वाकडं केलं, पण पदवी मिळाली. बाहेर येऊन सवयीने मॅडमचा नंबर लावला. फोन त्यांच्या यजमानांनी उचलला.

"काका, परीक्षा झाली. मी दोनच सांगितले."



"हॉस्पिटलात रोज विचारायची, पोरीनं काही कळवलं का? मी म्हणायचो, तूच कर की फोन. तर म्हणायची, नको. मी फोन केला तर ती माझ्यासाठी दोन लिहील."