थोरलीचं नाव

जिन्याखालच्या खोलीत बसून रफू करणारी ती बाई सगळ्या गल्लीची रफूवाली मावशी होती. तिला नाव होतं, चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते घ्यायची वेळ कुणावर येत नसे. गिऱ्हाईक कोटाची बाही पुढे करून "मावशी, एवढं बघा" म्हणायचं. वरच्या मजल्यावरची भाचरं मावशी म्हणायची. त्यांची आई, म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण, बोलायची वेळ आलीच तर ताई म्हणायची, आणि तेही नाकातून.

आपलं नाव आडनावासकट, मोठ्या आवाजात, थोरलीला एकाच ठिकाणी ऐकू यायचं. मतदानाच्या दिवशी, शाळेतल्या पहिलीच्या वर्गात. टेबलामागचा माणूस यादीतलं नाव खणखणीत वाचायचा, म्हणजे बाकावर बसलेल्या उमेदवारांच्या माणसांना आपापल्या यादीत खूण करता यावी. मग ती म्हणायची, "ओ." त्या एका ओसाठी ती ठेवणीतले कपडे काढायची, दुकान अर्धा दिवस बंद ठेवायची. मत कुणाला दिलं हे तिने कधी सांगितलं नाही. मतदान मात्र एकही चुकवलं नाही, तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा.

आता हे नाव काय होतं आणि धाकटीचं काय होतं, हे सांगून उपयोग नाही. कुठलं नाव कुणाचं यावरूनच तर दोघींचं जन्माचं वैर.

झालं होतं असं. थोरलीला अठरा पूर्ण झाली त्या वर्षी बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीच्या पट्ट्यावर मुली घेणार होते. अट एकच, अठरा पूर्ण पाहिजेत. थोरली तोवर शिंप्याकडे रफू शिकायला लागली होती आणि तिचा हात बसत आला होता. धाकटी चौदाची होती, पण ताडमाड वाढलेली, आणि शाळेत तिचं मन नव्हतं. आईने पत्र्याच्या पेटीतून थोरलीचा जन्माचा दाखला काढला आणि म्हणाली, "कागदाला काय कळतंय कुणाच्या हातात आहे ते. दे तिला." थोरलीने दिला. कुणी हिसकावून घेतला नाही, तिने स्वतःच्या हाताने दिला आणि वर बजावलं, "आठ दिवसांत परत आण." एवढी भोळी बाई शोधून सापडायची नाही.

दाखला परत आला. नाव परत आलं नाही. कारखान्याच्या हजेरीत थोरलीचं नाव, बिल्ल्यावर थोरलीचं नाव, पुढे बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या नोंदीत तेच. नवरा कारखान्यातलाच मिळाला, त्याला बायकोचं दुसरं नाव असेल याची कल्पनाही नव्हती. तो घरजावई होऊन वरच्या मजल्यावर राहायला आला आणि पहिल्याच सकाळी त्याने जिन्यावरून बायकोला हाक मारली. खाली थोरलीने सुई थांबवून ओ दिली. वरून धाकटीचं हसू ऐकू आलं. असं आठ-दहा वेळा झालं. मग थोरलीने कानाला खडा लावला. स्वतःच्या घरात स्वतःच्या नावाची हाक आली की मान खाली घालून धागा ओढायचा, हे ती शिकली. तो जावई जाऊन आता सहा वर्षं झाली, पण ती सवय काही गेली नाही.

मतदानाचा दिवस तेवढा सरळ असायचा. यादी जुनी, घरोघर फिरून केलेली, त्यात आईने सांगितलेली दोघींची खरी नावं. शाळेचा म्हातारा शिपाई दोघींना लहानपणापासून ओळखणारा. त्या एका खोलीत थोरली थोरलीच्या नावाला ओ द्यायची आणि धाकटी धाकटीच्या. मग घरी आल्या की पुन्हा अबोला.

या वर्षी नियम आला. फोटोचं कार्ड दाखवल्याशिवाय मत नाही.

गल्लीत दुसरा विषय उरला नाही. समोरचा चष्मेवाला कोटाचं कोपर रफूला घेऊन आला आणि दुकानात ठाण मांडून बसला. "गेल्या खेपेला माझ्या वडिलांच्या नावावर कुणीतरी बारा वाजायच्या आत मत टाकून गेलं. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, मावशी. डोळ्यांनी यादीत खूण बघितली मी. अशा वेळी कार्ड नको?"

त्याचं दुःख खोटं नव्हतं. थोरलीने कोटाच्या आतल्या शिवणीतून जुळता धागा उपसला. "वाईट झालं. पण तुमच्या वडिलांचं मत मी चोरलं का?"

"तुमचं कोण म्हणतंय?"

"मग मला कशाला कागद मागता? रोज समोर बघता की मला."

"मी बघतो. सरकार थोडंच बघतं?"

"मग सरकारला चष्मा द्या. दुकान आहे की तुमचं."

चष्मेवाला हसला, पण जिन्यात उभी असलेली धाकटी हसली नाही. बाटल्यांचे तडे हेरण्यात जन्म गेलेली बाई ती. उजेडासमोर बाटली फिरवून एका नजरेत वाईट माल बाजूला काढायची, आणि माणसांनाही तशीच बघायची. ती वरूनच म्हणाली, "ज्यांचे कागद साफ आहेत त्यांना कसली भीती? कागद नाहीत ते लोक काहीतरी लपवतच असतात."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. सुई बोटात गेली. चष्मेवाल्यासमोर तोंड उघडलं असतं तर तिथेच निकाल लागला असता. तिने बोट तोंडात घातलं आणि गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला पुढे आठवडाभर स्वतःचाच राग येत होता.

सोमवारी ती दाखला घेऊन कार्डाच्या कचेरीत गेली. खिडकीमागच्या कारकुनाने आकडे टाकले, पडदा तिच्याकडे वळवला. तिचं नाव, तिची जन्मतारीख, तिच्या आईबापांची नावं. आणि फोटोत धाकटी, चांगली केस विंचरून बसलेली.

"या बाईंचं कार्ड आधीच आहे," कारकून म्हणाला. "या तुम्ही नाही."

"नाव माझं आहे."

"मग या कोण?"

थोरलीने दाखल्याची घडी घातली. कारकुनाला तिच्यात पहिल्यांदाच रस वाटला. "तुमच्या नावावर दुसरं कुणी राहत असेल तर तक्रार लिहून द्या. यांचं कार्ड रद्द होईल. चौकशी लागेल, नोकरी, पेन्शन, सगळं निघेल बाहेर. गुन्हा आहे हा. देता लिहून?"

त्याने कोरा कागद पुढे सरकवला. पेनसुद्धा दिलं. थोरलीने पेन हातात घेतलं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. बोटावरची सुईची जखम त्या पेनावर दुखली. मग तिने पेन खाली ठेवलं. "चूक झाली. घरी विचारून येते."

घरी येऊन ती चौदा पायऱ्या चढून वर गेली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. धाकटी खिडकीशी चहा पीत होती.

"तुझ्या नावाने बोंब मारणार नाही मी," थोरली म्हणाली. "पण मला माझं मत पाहिजे. तू जाऊन सांग, चौदाची होते, आईने पाठवलं. बाई म्हातारी झाली म्हणून सोडतीलही."

"आणि नाही सोडलं तर? भाड्याला, औषधांना तू देणार आहेस, रफू करून?"

"मग निदान घरी बस त्या दिवशी. माझ्या नावावर तू मत टाकू नको."

"का बसू? माझ्याकडे कार्ड आहे." धाकटीने कप खाली ठेवला. "ताई, एवढाच जीव अडकलाय मतात तर माझा दाखला आहे की पेटीत. चव्वेचाळीस वर्षं कुणी हात लावलेला नाही, कोरा करकरीत. घे तो आणि काढ कार्ड. चार वर्षांनी लहान होशील."

"तुझं नाव मी घेऊ?"

"मी तुझं घेतलंच ना? काही बिघडलं नाही माझं." मग तिला स्वतःचाच विनोद आवडला. "आणि कागदावर मी मोठी होईन. तेव्हा आजपासून तूच मला ताई म्हण."

थोरली पायऱ्या उतरून खाली आली. माफी नाही, लाज नाही, वर थट्टा. त्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा एक रफू वाकडं केलं आणि उसवून पुन्हा घातलं.

दहा दिवस तिने दाखल्याकडे बघितलं नाही. अकराव्या दिवशी पेटी उघडली. तोच कारकून, तीच खिडकी. तिला वाटलं होतं, हा ओळखेल, विचारेल की बाई, परवा तर तुमचं नाव वेगळं होतं. त्याने मान वरसुद्धा केली नाही. दाखला बघितला, शिक्का बघितला, फोटो घेतला, सही घेतली. कागद साफ होता. खऱ्या नावाने आली तेव्हा गुन्हा काढणारा माणूस खोट्या नावाला "पंधरा दिवसांत घरी येईल" म्हणाला. आयुष्यभर कुणाचा धागाही न चोरलेली बाई अशी या वयात तोतया झाली, आणि ती खोट्या मतदारांना आळा घालणाऱ्या नियमाच्या कृपेने.

मतदानाच्या दिवशी तिने ठेवणीतले कपडे काढले. पहिलीच्या वर्गात बाकं भिंतीशी सारलेली, फळ्यावर अर्धवट पुसलेली अक्षरं. म्हातारा शिपाई वारला होता. टेबलामागे कुठल्यातरी दुसऱ्या भागातली शिक्षिका होती. बाकावर यादी मांडीवर घेऊन चष्मेवाला बसला होता, एका उमेदवाराचा माणूस म्हणून, छातीवर बिल्ला लावून. रांगेत थोरलीच्या मागे दोन माणसं सोडून धाकटी होती. तिला थोरलीच्या कार्डाचा पत्ता नव्हता. ताई नुसतीच तमाशा करायला आली आहे आणि रिकाम्या हाताने परत जाणार, असं समजून ती मजेत उभी होती.

थोरलीने कार्ड टेबलावर ठेवलं. शिक्षिकेने यादीत बोट फिरवलं आणि नाव वाचलं. धाकटीचं नाव, आडनावासकट, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं.

"ओ," मागून आवाज आला.

धाकटीच्या तोंडून तो कसा गेला हे तिलाही कळलं नाही. या खोलीत, या नावाला, ती नेहमीच ओ देत आली होती. जगात दुसरीकडे कुठे तिला त्या नावाने कुणी बोलवत नव्हतं. तिने तोंडावर हात नेला, पण ओ निघून गेली होती.

शिक्षिकेने कार्डावरून नजर उचलली. "नक्की कोण?"

चष्मेवाला अर्धा उठला. "थांबा, थांबा. त्या नव्हेत. त्यांचं नाव वेगळं आहे, मी ओळखतो त्यांना. काय हो, तुम्ही कशाला ओ दिलीत?"

सगळी रांग धाकटीकडे बघायला लागली. तडा गेलेली बाटली उजेडात धरावी तशी ती उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती थोरलीकडे बघत होती, आणि त्या बघण्यात गयावया होती.

थोरलीला हे असंच पाहिजे होतं का? पाहिजे होतं. खोटं कशाला बोला. एक क्षण तिला फार बरं वाटलं.

मग ती शिक्षिकेला म्हणाली, "त्यांचं ऐकण्यात काहीतरी चुकलं असेल. कार्ड माझं आहे. बघा, फोटो जुळतो का."

शिक्षिकेने फोटो बघितला, तोंड बघितलं. जुळत होतं. चष्मेवाला समाधानाने खाली बसला. "बघा, कार्ड होतं म्हणून घोटाळा टळला. उगाच नाही नियम केला."

थोरलीने धाकटीच्या नावापुढे धाकटीची सही केली. बोटाला शाई लावून घेतली, पडद्यामागे जाऊन मत दिलं. बाहेर यायला तिला वेळ लागला. ती दाराशी पोचली तेव्हा धाकटीचा नंबर आला होता.

शिक्षिकेने दुसरं नाव वाचलं. भारदस्त नाव, आडनावासकट, खणखणीत. वर्षानुवर्षं ज्यासाठी दुकान बंद ठेवलं तेच. थोरलीच्या घशापर्यंत ओ आली आणि तिने ती गिळली.

टेबलाशी उभ्या धाकटीच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. शिक्षिकेने पुन्हा वाचलं. चष्मेवाला यादीतून डोकं काढून बघायला लागला.

थोरली दारातून मागे वळली. "दे की ओ," ती म्हणाली. "वरून मला हसायचीस तेव्हा बरी देता यायची."

मग ती व्हरांड्यात आली. मागे तिच्या नावाला ओ मिळाली, अगदी बारीक आवाजात. थोरली न थांबता दुकान उघडायला गेली.